आरेच्या गोठ्यातून आणलेलं विरजण

आम्ही मुंबईला निघालो तेव्हा आमच्या परड्यात (घरामागच्या बागेत) एक खड्डा होता आणि खड्ड्यात बेडूक होते. खड्डा माझ्या नवऱ्याने गोबर गॅससाठी खणून घेतला होता. बेडूक गेल्या पावसात आपले आपण राहायला आले. शेजारी विटा रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर काकडीचा वेल चढला आणि वाळूनही गेला. पुढचं काम सासूबाईंनी अडवलं होतं. शेणाच्या वायूवर देवाचा निवेद (नैवेद्य) शिजणार नाही, असं त्यांनी एकदाच सांगितलं आणि विषय मिटवून टाकला. त्याच शेणाने तुम्ही रोज देवासमोरची जमीन सारवता, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी शाळेत मुलींना शिकवते हे मलाच क्षणभर खरं वाटेना.

शिकवते मी आमच्याच गावात, कुडाळपासून थोडं आत. 'ऊर्जेची साधनं' हा धडा दरवर्षी फळ्यावर दोन रकाने आखून घेते. एकदा जाळली की कायमची संपणारी साधनं एका बाजूला: कोळसा, रॉकेल, पेट्रोल. पुन्हा पुन्हा मिळणारी दुसऱ्या बाजूला: ऊन, वारा, पाणी, शेण. लाकूड कुठे लिहायचं, इथे माझा खडू अडखळतो. पुस्तकाप्रमाणे ते पुन्हा मिळणारं. पण मी लग्न होऊन आले तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, घरामागच्या टेकडीवरून मोळी आणत, आणि आता ओढा ओलांडून पलीकडच्या डोंगराला जावं लागतं. वाढण्याआधीच तोडलेलं झाड पुन्हा मिळणार कुठून? आईंना म्हटलं तर त्या म्हणत, पाय आहेत तोवर आणीन. पायांचं ठीक होतं, बिघडली होती ती छाती. चुलीपुढे बसल्या की खोकला सुरू होई आणि त्या बाहेर येऊन तुळशीकडे टेकेपर्यंत तो थांबत नसे.

म्हणून मुंबई. माझी धाकटी नणंद नलू मरोळला राहते. तिचे यजमान दत्ताराम, ज्यांना मी भावोजी म्हणते, गिरणी सुटल्यावर तिथल्याच एका कारखान्यात लागले आहेत. त्यांनी घाटकोपरच्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. आरे कॉलनीत आपल्याकडचं एक कुटुंब गोबर गॅसवर स्वयंपाक करतं, तेही दाखवता येईल असं त्यांनी सांगून पाठवलं होतं. हा दुसरा बेत मी आईंपासून लपवला. कळला असता तर बाई एस.टी.त पाऊल ठेवती ना.

बोरिवलीच्या गाडीने सकाळी आम्हाला अंधेरीला हायवेवर उतरवलं. उतरताना नारळांच्या पिशवीचा बंद तुटला आणि आमचे नारळ हायवेवरून सुटले. एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी घालून मागची वाहनं थांबवली, शिव्या खाल्ल्या आणि नारळ गोळा करून दिले. मग त्याच रिक्षातून आम्ही मरोळला गेलो. आईंनी उतरताना त्याला एक नारळ दिला. त्याने तो कपाळाला लावून पुढच्या काचेशी ठेवला. मुंबईची माझी पहिली ओळख ही, आणि ती अजून बदलावीशी वाटलेली नाही.

नलूची चाळ औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून आहे. पुढच्या खिडकीतून कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसतं, मागच्या गॅलरीतून आरेच्या झाडांची हिरवी कड. आम्ही पोचलो ती नेमकी रॉकेलच्या टंचाईत. रेशनच्या दुकानासमोर डब्यांची रांग लागलेली, माणसं सावलीत बसलेली. नलूच्या घरी गॅसची शेगडी नव्हती. नंबर लावून ठेवला होता आणि तो कधी लागेल हे देवालाच ठाऊक. पंपाचा स्टोव्ह होता, पण डब्याच्या तळाशी रॉकेल किती उरलं ते ती हलवून आवाजावर ओळखत होती. पाहुणे आल्यावर तिचा चेहरा फुलला तसाच थोडा काळजीतही पडला, ते मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला जाग आली तर आई अंथरुणात नव्हत्या. त्या गॅलरीत शेजारच्या दारात उभ्या होत्या, हातात नारळाची करवंटी घेऊन. त्या विस्तव मागायला गेल्या होत्या. आमच्याकडे ही जुनीच रीत आहे. सकाळी एकीच्या चुलीत निखारा नसला तर ती शेजारणीकडून करवंटीत घेऊन येते. काडी ओढली म्हणजे ती बाई आळशी, असं मानतात. मुंबईच्या चाळीत विस्तव कुणाकडे असणार, हे आईंच्या डोक्यात आलं नाही. नलू लाजेने दाराआड झाली. मी पुढे धावले.

शेजारच्या कांबळेबाई नगरकडच्या. अंगाने उंच, बोलायला सरळ. त्या हसल्या नाहीत, याचं मी आजही त्यांना देणं लागते. त्यांनी करवंटीकडे बघितलं, आईंच्या पिकल्या केसांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "विस्तव कुठला आजी इथं? पण माझा स्टोव्ह पेटलाय ना, तो विझायच्या आत तुमचं आधण ठेवते. या, आत या."

आई आत गेल्या. गावी असत्या तर कुणाच्या दारात विस्तव मागायचा आणि कुणाच्या नाही, हे त्यांनी आधी बघितलं असतं. इथे त्यांनी विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. त्यांनी कांबळेबाईंच्या हातचा चहा घेतला आणि वर बाजरीची भाकरी ठेच्याशी खाल्ली. ठेच्याने डोक्यापर्यंत झणका गेला, तरी अर्धी आणखी मागून घेतली.

मग आम्हाला त्या मजल्याची पद्धत कळली. स्टोव्ह पेटवताना बर्नर तापेपर्यंत जे रॉकेल जातं ते फुकट जातं. म्हणून टंचाईत तिथल्या बायका प्रत्येकीने आपला स्टोव्ह पेटवत नाहीत. आज एकीचा, उद्या दुसरीचा. डाळ रात्रीच भिजत घालायची, तांदूळ धुऊन तयार ठेवायचे, सगळी पातेली झाकणासकट गॅलरीत ओळीने मांडायची, आणि एकदा पेटलेला स्टोव्ह शेवटचं पातेलं उतरेपर्यंत बंद करायचा नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं शेवटचं पाणी गॅलरीतल्या तुळशींना. कुणी कुणाला उपदेश करत नव्हतं. पातेलं रांगेत उशिरा आणलं तर मात्र बोलणी बसत. आईंना हे फारच पसंत पडलं. त्या मला म्हणाल्या, की इथल्या बायकांचा विस्तव दारोदार फिरतो, एवढाच फरक.

त्या दिवशी घाटकोपरला जायचं होतं. निघण्याआधी मी एक पराक्रम केला. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने अंथरुणं गोळा करायचीच, हा आमच्याकडचा शिरस्ता. मी चादरी घडी केल्या, चटया गुंडाळल्या, आणि कॉटवर कोपऱ्यात एक गोधडी वेडीवाकडी गुंडाळून पडलेली दिसली. आळशासारखी टाकलीय म्हणत मी तिचं टोक धरलं आणि एका झटक्यात झाडली. आतून खिचडीचं पातेलं निघालं, कॉटवरून खाली गेलं आणि झाकण थेट दारापर्यंत घरंगळत गेलं. नलूने खिचडीला दोन उकळ्या आणून पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं. आतल्या वाफेवर ती तासाभरात आपसूक शिजते आणि तेवढं रॉकेल वाचतं. आम्ही डॉक्टरांकडून परत येईपर्यंत जेवण तयार, असा तिचा हिशेब. आता अर्धवट शिजलेले तांदूळ गोधडीच्या टाक्यांत जाऊन बसले होते. नलू म्हणाली, "असू दे वहिनी, होतं असं." तिच्या आवाजावरून रॉकेल किती उरलं आहे ते मला समजलं. मी त्या क्षणी घाटकोपरपर्यंत चालत जायला तयार होते.

बस कुर्ला रस्त्याने गचके खात गेली. डॉक्टर तरुण, मराठीच. त्यांनी आईंच्या पाठीला नळी लावली, छातीचा फोटो काढायला पाठवलं, आणि तो उजेडासमोर धरून बराच वेळ बघितला. मग त्यांनी विचारलं, "आजी, विडी किती वर्षं ओढता?"

आई ताडकन उठल्या. उभ्या जन्मात विडीला हात लावला नाही, आणि हा पोरगा चारचौघांत काय बोलतो. मी त्यांना कशीबशी बसवली. डॉक्टरांनी हात जोडून माफी मागितली. मग सावकाश समजावलं, की फोटोत दिसतं ते जन्मभर विडी ओढणाऱ्या माणसाच्या छातीसारखं दिसतं, आणि न ओढणाऱ्या बाईच्या छातीत ते येतं चुलीतून. औषध त्यांनी दिलं. मला बाजूला घेऊन मात्र म्हणाले, "औषधाने खोकला दबेल. धूर थांबला नाही तर येणारा पावसाळा त्यांना जड जाईल. बंद घर, ओली लाकडं. तुम्ही समजून घ्या." मी समजले. बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. डॉक्टर काय बोलले ते त्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांनाही समजलं होतं. सासू म्हणून त्यांनी मला काय कमी छळलं असेल, पण घरात त्या नाहीत हे चित्र मला डोळ्यांपुढे आणता येईना.

चाळीत परतलो तर दारात आमच्यासाठी भात-आमटी झाकून ठेवलेली. कांबळेबाईंनी स्वतःच्या वाट्याच्या रॉकेलवर पुन्हा स्टोव्ह पेटवला होता. मी आभार मानायला गेले तर त्यांनी हात झटकला आणि म्हणाल्या, गोधडी उन्हात टाक आधी, नाहीतर रात्री मुंग्या येतील.

रविवारी भावोजी आम्हाला आरेत घेऊन गेले. मरोळ सोडलं आणि बस झाडीत शिरली, तसं कारखाने, चाळी, धूळ सगळं मागे गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताची कुरणं, म्हशींचे लांबलचक गोठे आणि मधून मधून जुन्या पाड्यांची घरं. मुंबईत असं काही असेल असं कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. आई तर हरखून गेल्या. बसमधून उतरल्यावर एक पाड्यावरची बाई डोक्यावर मोळी घेऊन समोरून आली. आई थांबून तिच्याशी बोलल्या. दोघींची भाषा वेगळी, तरी लाकडांवर त्यांचं छान जमलं. पूर्वी दाराशी मिळायची, आता त्या डोंगराच्या मागे जाते, असं ती हाताने दाखवत होती. आईंनी मान हलवली.

गोठ्यामागच्या खोल्यांत शेवंती राहत होती. वेंगुर्ल्याकडची, नवरा म्हशींचं दूध काढतो. आपल्याकडची भाषा कानावर पडल्यावर आई खुलल्या. गोठा बघितला, म्हशींच्या पाठीवर हात फिरवला, वैरण नीट नाही म्हणून दोषही काढला. मग शेवंती चहा टाकायला आत गेली आणि आम्ही तिच्या मागे. कोनाड्यात देव होते, खाली ओट्यावर शेगडी. तिने काडी ओढली, निळा जाळ भस्सकन लागला. भिंती पांढऱ्या स्वच्छ होत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात टेकला तर तळवा काळा होतो.

हाच तो शेणाचा गॅस, हे आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. मला वाटलं आई उठून जातील. त्या गेल्या नाहीत. शेगडीच्या जवळ सरकून जाळाकडे बघत राहिल्या. चहा उकळला, शेवंतीने पातेलं उतरवलं आणि चावी फिरवली. जाळ गेला.

आई एकदम मागे झाल्या. "इझयलंस?" त्यांनी शेवंतीला विचारलं. विझवलास का, असं.

शेवंती म्हणाली, काम झालं की बंदच करतात, पुन्हा गरज पडली की पुन्हा लावायचा. आईंचा चेहरा उतरला. त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मी जाऊन शेजारी बसले. चहा निवत होता. मग त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. खोकल्याने मधे मधे थांबत होत्या.

"मी लगीन होवन इलंय (आले), तेव्हा माझ्या सासूनं हात धरून चुलीकडे नेल्यान. सांगल्यान, ही इझूक देव नको. तेव्हापासून मी इझूक दिलंय नाय. रोज रातीक निखाऱ्यार राख ओढून निजतंय. तुझो सासरो गेलो, घरात काय शिजला नाय, तेव्हा पण राखेखाली विस्तव जितो (जिवंत) होतो. आता माझ्याच हातान इझवू?"

इतके दिवस त्या नैवेद्याचं नाव पुढे करत होत्या. ते निव्वळ सांगण्यापुरतं होतं. माझ्याकडे डॉक्टरांचं म्हणणं होतं, शाळेतला धडा होता, दोन्ही रकाने पाठ होते. त्यातलं एकही वाक्य मला त्या पायरीवर उच्चारावंसं वाटलं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच घेतला असेन.

शेवंती दारात उभी राहून ऐकत होती. तीही काही समजवायला आली नाही. सकाळचं शेण घालायचं राहिलं आहे, येता का बघायला, एवढं म्हणून ती पाटी घेऊन निघाली. शेणाचं काम म्हटल्यावर आईंना बसवेना. खोल्यांच्या मागे गोल विहिरीसारखा हौद होता आणि त्यावर उपडी घातलेली मोठी लोखंडी टाकी. शेवंतीने शेण पाण्यात कालवून एका बाजूने आत सोडलं. दुसऱ्या बाजूने तेवढाच पातळ काला बाहेर आला. तो वाफ्यात जात होता आणि वाफ्यातली वांगी डोळ्यांत भरण्यासारखी होती. आईंनी काला बोटांवर घेतला, नाकाशी नेला. वास नव्हता. यात शेण जळून जातं असं त्यांना आतापर्यंत वाटत होतं. खत शाबूत राहतं हे बघून त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली.

मग त्यांनी टाकीवर तळवा ठेवला. टाकी आदल्या रात्री गॅस संपल्यावर खाली बसली होती आणि आता आत गॅस भरून वर आली होती, लोखंडावर ओल्या रेषा दिसत होत्या. आईंनी विचारलं, रात्री कोण भरतं. शेवंती म्हणाली, "कोण नाय. आमी निजलेले आसतंव, ती आपली आपण भरता. म्हशी आसत तवसर (तोवर) काळजी नाय."

टाकीवरचा तळवा न काढता आईंनी गोठ्याकडे बघितलं. गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे विस्तव हय रवता (इथे राहतो). चुलीत नाय, गोठ्यात."

मी हो म्हटलं. त्याहून चांगलं मला शिकवता आलं नसतं.

त्यांचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांचा पुढचा प्रश्न होता, की पहिल्यांदा हे जिवंत कुठून झालं. नुसत्या शेणाला उशीर लागतो, शेवंतीने सांगितलं. त्यांचा हौद नवा होता तेव्हा पलीकडच्या गोठ्यातल्या चालत्या हौदातून दोन बादल्या काला आणून आत सोडला होता, दुधाला विरजण लावतात तसा. ते ऐकताच आईंनी तिच्या पुढ्यात ओंजळ धरली, आमच्याकडे विस्तव मागताना करवंटी धरतात तशीच. "बाये, माका थोडां दितलंस (देशील)?"

शेवंतीने पत्र्याचा गोडेतेलाचा रिकामा डबा धुऊन आणला आणि काठोकाठ भरून दिला. मग आईंनी तिचा निवलेला चहा घेतला आणि देवाला नैवेद्य कशाचा करतेस ते विचारलं. खिरीचा, असं कळल्यावर त्यांचं समाधान झालं.

परत जायच्या दिवशी मजल्यावरच्या बायका जिन्यापर्यंत आल्या. कांबळेबाईंनी ठेच्याची पुडी दिली, आणि आईंनी गावाहून आणलेले सगळे कुळीथ त्यांच्या पदरात ओतले. नलू रडली. भावोजींनी बोरिवलीच्या स्टँडवर आम्हाला सकाळच्या गाडीत बसवलं आणि डबा सीटखाली सरकवला. झाकण मी घट्ट ठोकून बसवलं होतं, वर सुतळी बांधली होती. वास येऊ नये ही माझी हुशारी.

पनवेल गेलं, महाड गेलं. उन्हाने गाडी तापली. कशेडी घाटात वळणं सुरू झाली तेव्हा सीटखालून फट्‌ असा मोठा आवाज झाला, सुतळी तुटली आणि डब्याचं झाकण उडून पुढच्या माणसाच्या पायावर जाऊन बसलं. टायर फुटला समजून ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. वास सगळ्या गाडीत पसरला. डबा बंद असला तरी आतलं विरजण आपलं काम करत राहिलं होतं आणि गॅसला जायला वाट मिळाली नव्हती. शाळेत गोबर गॅस शिकवणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. लोक नाकाला रुमाल लावून आमच्याकडे वळले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आणि आई? त्या डब्यात वाकून बघत होत्या. वर बुडबुडे येत होते.

"जितां आसा गो," त्या मला म्हणाल्या. जिवंत आहे गं. अख्ख्या प्रवासात मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं.

कंडक्टर डबा घाटात ओतायला निघाला. आईंनी तो पोटाशी धरला, साडीची पर्वा न करता. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, धूर, पावसाळा, आरेतली शेवंती. मग मागच्या सीटवरच्या एका कोळीणबाईने आपलं जुनं ओढणीसारखं फडकं पुढे केलं आणि म्हणाली, झाकण नको लावू, हे बांध, वारा जाईल. कंडक्टरने सगळ्या खिडक्या उघडल्या, डबा मागच्या दाराशी नेऊन ठेवला आणि सामानाच्या दोरीने नीट जखडला. कुडाळपर्यंत प्रत्येक थांब्यावर तो मागे जाऊन फडकं बघून येत होता. उतरताना त्यानेच डबा खाली दिला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

हे लिहिते आहे तेव्हा पावसाळा होऊन गेला आहे. आई आहेत. खोकला पुरता गेला नाही, पण तो आता पाहुण्यासारखा येतो आणि जातो. परड्यातला हौद पावसाआधीच बांधून झाला आणि चालतो आहे, काला माडांना जातो, आणि वाडीतल्या दोन घरांनी आमच्याकडून विरजण नेलं आहे. ते काढून द्यायचं काम आई दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. मुंबईतल्या आणि वाटेतल्या त्या माणसांना यातलं काय कळलं असेल? रिक्षावाला, कांबळेबाई, डॉक्टर, शेवंती, ती फडकं देणारी. आपण फार मोठं काही केलं असं त्यांच्यातल्या एकालाही वाटत नसणार. जे थोडं होतं त्यातलं प्रत्येकाने काढून दिलं, आणि माझ्या घरातलं माणूस माझ्या घरात राहिलं. हे मी रोज आठवते.

पण मला सांगायचं आहे ते गॅस पहिल्यांदा लागला त्या संध्याकाळचं. नैवेद्याची खीर आईंनीच केली. शेजारणी येऊन जाळ बघून, खीर खाऊन गेल्या. आम्ही आवरत होतो तेव्हा आई जुन्या चुलीसमोर जाऊन बसल्या. आत सकाळचे निखारे होते. राखेचं फावडं हाताशी होतं, ते त्यांनी उचललं नाही. निखारे एकेक करून काळे होत गेले आणि त्या बघत बसल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले. मी भांडी लावता लावता सवयीने विचारलं, धूर लागला का.

"नाय गो," आई म्हणाल्या. "आता धुराचां नाव सांगूक येवचां नाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात धुराचं नाव सांगून त्या किती वेळा रडल्या असतील, आणि मीही. मी भांडी तशीच ठेवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.